एकवीस शब्द देऊन झाले होते: हार्डवेअर वॉलेटच्या बनावट लॉगिनचे एक प्रकरण

हे प्रकरण नाशिकच्या एका लघुउद्योजकाचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम, त्या रात्री घेतलेले निर्णय आणि शेवटी निसटलेली गोष्ट मात्र जशी घडली तशीच ठेवली आहे. वॉलेट कोणत्या कंपनीचे होते ते सांगत नाही, कारण हाच प्रकार कोणत्याही कंपनीच्या नावाने होतो. मी छोट्या कारखान्यांची संगणक आणि सुरक्षेची कामे बघतो. या घरात मी त्या दोघांना दादा आणि वहिनी म्हणतो, इथेही तसेच लिहितो.

पार्श्वभूमी

दादांचा औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर सुटे भाग करून देण्याचा कारखाना आहे. हिशेब वहिनी बघतात. दादांनी 2021 पासून थोडी थोडी बिटकॉइन आणि इथर ही क्रिप्टो नाणी घेतली होती, मुलीच्या पुढच्या शिक्षणाची रक्कम म्हणून. सगळी क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एका भारतीय एक्स्चेंजवर पडून होती.

18 जुलै 2024 ला वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवर सायबर दरोडा पडला. सुमारे 23 कोटी डॉलर किमतीची नाणी गेली आणि ग्राहकांची उरलेली शिल्लकही वर्षाहून अधिक काळ अडकून पडली. दादांचे खाते दुसऱ्या एक्स्चेंजवर होते, पण त्यांनी धडा घेतला आणि हार्डवेअर वॉलेट मागवले, म्हणजे नाण्यांची गुप्त किल्ली स्वतःजवळ जपून ठेवणारे छोटे यंत्र. ते थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतले, कुठल्या दुकानदाराकडून नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर, ज्यांच्यावरून ही किल्ली पुन्हा उभी करता येते ते 24 शब्द यंत्राने स्वतः तयार केले, पडद्यावर एकेक दाखवले, आणि दादांनी ते दोन कागदांवर उतरवले. एक कागद घरच्या कपाटात, दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये. शब्दांचा फोटो काढला नाही, ईमेलमध्ये ठेवले नाहीत. नाणी हलवण्याआधी छोटी रक्कम पाठवून बघितली. इथपर्यंत बोट ठेवायला जागा नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहावेसे वाटले. इतकी काळजी घेणारा माणूस कुठे सापडला, ते नीट बघायला हवे.

त्या रात्री वॉलेटमध्ये सुमारे दोन तृतीयांश रक्कम बिटकॉइनमध्ये होती. उरलेली इथरमध्ये आणि इथेरियम (इथर ज्यावर चालते ते) नेटवर्कवरच्या यूएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या नाण्यात. आणखी काहीतरी होते, पण ते कोणाच्याच लक्षात नव्हते.

या यंत्रात लॉगिन कुठे असते

बँकेचे किंवा एक्स्चेंजचे खाते असते तेव्हा पैसे त्यांच्या नोंदीत असतात आणि आपण ‘मी तोच’ हे त्यांच्या सर्व्हरला पटवून देतो. त्याला लॉगिन म्हणतात. हार्डवेअर वॉलेटच्या मागे असा सर्व्हर नाही. नाण्यांची नोंद ब्लॉकचेन या सर्वांना दिसणाऱ्या सामायिक नोंदवहीत असते आणि ती खर्च करण्याची गुप्त किल्ली यंत्राच्या आत असते. संगणकावरचे अ‍ॅप शिल्लक दाखवते, व्यवहाराचा मसुदा तयार करते आणि सहीसाठी यंत्राकडे पाठवते. सही यंत्रात होते, किल्ली बाहेर येत नाही. म्हणजे कंपनीकडे तुमचे नाव-पासवर्ड असलेले खातेच नसते, मग तिच्या पानावर जाऊन आत शिरायचे तरी कशात?

रोजच्या वापरात टाकायचा असतो तो पिन, आणि तो यंत्र उघडण्यासाठी असतो. लेजर या कंपनीच्या यंत्रात तीनदा चुकीचा पिन टाकला की आतले सगळे पुसले जाते, ट्रेझर या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात त्याहून जास्त चुकांनंतर. पुसले गेले तरी नाणी जात नाहीत, कारण 24 शब्दांवरून तीच किल्ली पुन्हा तयार होते. शब्द लागतात ते फक्त या प्रसंगी: यंत्र पुसले गेले, बिघडले किंवा हरवले तर. आणि ते टाकायचे ते यंत्रावरच. ट्रेझरच्या सर्वात जुन्या मॉडेलमध्ये शब्द संगणकावर टाकावे लागत, पण यंत्राचा पडदा सांगेल त्या उलटसुलट क्रमाने, म्हणजे संगणकाला खरा क्रम कळत नसे. हा अपवाद सोडला तर कळफलकावर शब्द टाकण्याची वेळ येऊच नये.

दादांना यातले बरेचसे माहीत होते. पण वर्षभरात त्यांनी यंत्र जेमतेम दोन-तीनदा जोडले होते, आणि अ‍ॅप नेमके कोणते, कुठून उघडायचे हे हाताला वळलेले नव्हते. शिवाय रोज जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन, बँकेत लॉगिन, एक्स्चेंजवर लॉगिन. नवे काही उघडायचे म्हणजे आधी लॉगिनचे पान शोधायचे, ही सवय पक्की झालेली.

काय घडले

शनिवारची रात्र होती. घरी नवा लॅपटॉप आला होता आणि जुन्यावरचे अ‍ॅप अर्थातच त्यावर नव्हते. दादांनी शोधयंत्रात कंपनीचे नाव आणि पुढे ‘लॉगिन’ असे टाकले. सर्वात वर आलेला दुवा जाहिरातीचा होता. पान हुबेहूब. तेच रंग, तेच चिन्ह, यंत्राचे तेच छायाचित्र. पत्त्यात कंपनीचे नाव होते, पण पुढे एका फुकट संकेतस्थळे बनवून देणाऱ्या सेवेचे नाव जोडलेले होते. ते त्यांनी वाचले नाही.

पानाने यंत्र जोडायला सांगितले. जोडल्यावर एक चक्र फिरले आणि ‘फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या आतल्या प्रोग्राममध्ये) बिघाड, वॉलेट पुनर्स्थापित करा’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला. त्याखाली 24 चौकोन. त्या वेळी यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर काय दिसत होते, असे मी नंतर विचारले. “पिन मागत होतं नेहमीसारखं,” दादा म्हणाले. म्हणजे यंत्र ठणठणीत होते, बिघाडाची गोष्ट एकटे ते पान सांगत होते.

वहिनींनी कपाटातून कागद आणून दिला आणि दादा शब्द टाकू लागले. पहिली काही अक्षरे टाकताच पान उरलेला शब्द सुचवत होते, आणि यामुळे त्यांचा विश्वास आणखी बसला. “माझे शब्द त्याला माहीत असल्यासारखं वाटलं, म्हटलं म्हणजे खरंच असणार.” प्रत्यक्षात हे शब्द ज्या 2048 शब्दांच्या यादीतून येतात ती जगजाहीर आहे. 2013 पासून बहुतेक वॉलेट तीच वापरतात आणि त्यातला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांतच ओळखू येतो. ती यादी कोणीही आपल्या पानावर बसवू शकतो.

एकवीस शब्द झाले तेव्हा वहिनींनी कागदाच्या तळाशी छापलेली बारीक ओळ वाचली. “अहो, थांबा. इथे छापलंय की हे कॉम्प्युटरवर, मोबाइलवर कुठेही टाकू नका. मग तुम्ही टाकताय कशावर?” दादांनी हात मागे घेतला, पान बंद केले आणि मला फोन लावला. रात्रीचे पावणेदहा झाले होते.

पहिला निर्णय: धोका खरा मानायचा की नाही

फोनवर दादांच्या बोलण्यात दोन दिलासे होते. एक, खालचे बटण दाबलेच नव्हते. दुसरा, तीन शब्द राहिले होते. “तीन शब्दांशिवाय काय करणार तो? सकाळी बसू निवांत.”

बटणाचा दिलासा खोटा असण्याची शक्यता मोठी होती. वेबपानाला चौकोनात काय लिहिले जाते ते बटणाची वाट न बघता पाठवता येते. ठग अशाच माणसासाठी ती सोय करून ठेवतो, जो अर्ध्यात थांबेल. नंतरच्या आठवड्यात मी तेच पान एका वेगळ्या, रिकाम्या आभासी संगणकावर उघडून बघितले. यादीतला एक बनावट शब्द टाकला आणि ब्राउझरची नेटवर्कची खिडकी उघडी ठेवली. दुसऱ्या चौकोनावर गेलो त्या क्षणी एक विनंती तिसऱ्याच पत्त्यावर निघून गेली, आणि तिच्या आत तो शब्द व चौकोनाचा क्रमांक होता. पुढच्या प्रत्येक शब्दाला तेच. त्या रात्री हे पाहिलेले नव्हते, पण एकवीस शब्द गेले असे धरूनच चालायचे हे पहिल्याच मिनिटाला ठरवले.

तीन शब्दांचा दिलासा जास्त फसवा आहे आणि त्याचे गणित सविस्तर सांगायला हवे. प्रत्येक जागी 2048 शक्यता, म्हणून तीन जागांच्या सुमारे 859 कोटी. आकडा ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण 24 शब्दांच्या संचात शेवटच्या शब्दातले आठ बिट आधीच्या सगळ्या शब्दांची पडताळणी करतात, त्यामुळे दर 256 जोडण्यांपैकी सरासरी एकच वैध निघते. उरतात सुमारे 3 कोटी 36 लाख. त्या प्रत्येकीतून वॉलेटचा पत्ता (ज्यावर नाणी जमा होतात तो अक्षर-अंकांचा क्रमांक) काढायचा आणि त्यावर शिल्लक आहे का ते बघायचे. साध्या संगणकालाही हे काही तासांत जमते, आणि या धंद्यातली माणसे साधा संगणक वापरत नाहीत. बारा शब्द राहिले असते तर जगातले सगळे संगणक जोडूनही जमले नसते. तीन राहिले होते.

म्हणून उत्तर असे ठरले: वॉलेट फुटले आहे, फक्त रिकामे व्हायचे आहे. हातात किती तास आहेत हे कळायला मार्ग नव्हता. सकाळपर्यंत थांबण्यात मिळणार तर काहीच नव्हते. मी त्यांच्याकडे निघालो आणि तोवर यंत्राला हात लावू नका असे सांगितले.

कोणते पर्याय होते

दादांचा पहिला विचार पिन बदलण्याचा होता. पिन त्या एका यंत्राचे दार सांभाळतो. शब्द ज्याच्याकडे आहेत त्याला हे यंत्र लागतच नाही, तो दुसऱ्या कोणत्याही वॉलेटमध्ये तीच किल्ली उभी करतो. त्यामुळे हा पर्याय बाजूला.

दुसरा विचार यंत्र पुसून टाकण्याचा. हा नुसता निरुपयोगी नव्हता, घातकही होता. नाणी बाहेर काढण्यासाठी जुन्या किल्लीची सही लागणार, आणि ती किल्ली या क्षणी यंत्रात तयार होती. पुसले असते तर तेच 24 शब्द छोट्या बटणांनी पुन्हा टाकत बसावे लागले असते. यंत्राला हात लावू नका हे म्हणूनच सांगितले होते. घाबरलेला माणूस सर्वात आधी हेच करतो.

खरे पर्याय तीन होते.

एक, दुसरे नवे यंत्र घेऊन त्यावर नवे शब्द तयार करायचे आणि नाणी तिकडे पाठवायची. उत्तम मार्ग, पण रात्री दहा वाजता दुसरे यंत्र आणायचे कुठून? कोणाचे वापरलेले घेणे नको होते.

दोन, एकाच यंत्राने सगळे करायचे. म्हणजे यंत्र पुसायचे, नवे शब्द तयार करून लिहून घ्यायचे, नव्या वॉलेटचे पत्ते टिपायचे, पुन्हा पुसायचे, जुने शब्द टाकायचे, नाणी नव्या पत्त्यांवर पाठवायची, पुन्हा पुसून नवे शब्द टाकायचे. नाणी शेवटपर्यंत आपल्याच ताब्यात राहतात. पण तासाभराचे काम, दोनदा 24 शब्द भरायचे, आणि तेही थरथरत्या हातांनी. एक शब्द चुकीचा उतरवला गेला तर नवे वॉलेट हातचे जाण्याची भीती.

तीन, एक्स्चेंजवरच्या स्वतःच्या खात्यात पाठवायची. त्या खात्याची केवायसी झालेली होती, बाहेरून नाणी जमा करायची सोय होती, आणि नाणी जमा करायचे पत्ते फोनवर लगेच मिळत होते. पंधरा-वीस मिनिटांचे काम. तोटा उघड होता: ज्या धोक्यापासून दूर जायला हे यंत्र घेतले, तिथेच सगळी रक्कम काही दिवस परत जाणार.

फोनवर एखादे मोफत वॉलेट उतरवून त्यात नाणी ठेवणे हाही मार्ग निघाला असता. पण आत्ताच एका बनावट पानाला फसलेल्या माणसाला घाईघाईत आणखी एक अनोळखी अ‍ॅप उतरवायला लावणे मला पटले नाही.

दादांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता. “परत एक्स्चेंजवर? मग हे सगळं केलं कशाला?” त्यांचा मुद्दा तत्त्वाने बरोबर होता. वहिनींनी तो सोडवला. “दोन दिवस तिकडे राहू दे. आज रात्री जाण्यापेक्षा बरं.” एक्स्चेंज बुडण्याची शक्यता त्या दोन दिवसांपुरती फार थोडी होती, चोर पोचण्याची शक्यता जवळपास खात्रीची. तिसरा पर्याय ठरला.

काय केले

नवा लॅपटॉप बाजूला ठेवला. त्या पानाने एक फाइलही उतरवायला दिली होती. ती दादांनी उघडली नव्हती असे ते म्हणाले, पण त्या यंत्रणेवर भरवसा ठेवायचे कारण नव्हते. कारखान्याच्या हिशेबाचा जुना संगणक वहिनींकडे घरीच होता. त्यावर अधिकृत अ‍ॅप उतरवले, खोक्यातल्या पत्रिकेवर छापलेला पत्ता अक्षर-अक्षर टाकून. शोधयंत्र उघडलेच नाही.

आधी बिटकॉइन. रक्कम सर्वात मोठी आणि व्यवहार पक्का व्हायलाही तेच सर्वात वेळ घेते. साधारण दहा मिनिटांनी एक ब्लॉक येतो आणि त्यात व्यवहार बसेपर्यंत तो कच्चा असतो. किल्ली चोराकडेही असेल तर त्या कच्च्या वेळात तो जास्त फी लावून तीच नाणी दुसरीकडे वळवू शकतो. म्हणून फी सर्वात वरची लावली. इथे काटकसर करण्यात अर्थ नव्हता.

एरवी मी आधी छोटी रक्कम पाठवून बघायला लावतो. बिटकॉइनच्या बाबतीत ते टाळले, कारण त्या चाचणीत दहा-वीस मिनिटे गेली असती. त्याऐवजी पत्ता तपासण्यावर वेळ घालवला. एक्स्चेंजचे अ‍ॅप वहिनींच्या फोनवर उघडले होते आणि त्यावरचा पत्ता त्या मोठ्याने वाचत होत्या. दादा संगणकाकडे न बघता यंत्राच्या छोट्या पडद्यावर तोच पत्ता बघत होते. बी, सी, एक, क्यू... अशी बेचाळीस अक्षरे, चार-चारच्या गटांनी. मध्ये एकदा दादा ‘पाच’ म्हणाले आणि वहिनी ‘एस’. दोघांनी तो गट पुन्हा पहिल्यापासून वाचला, ‘एस’च होते. संगणकात काही शिरलेले असते तर संगणकाच्या पडद्यावरचा पत्ता बदललेला असू शकतो. यंत्राच्या पडद्यावर मात्र जे दिसते त्यावरच सही होते. हार्डवेअर वॉलेटचा सगळा उपयोग या दोन मिनिटांत आहे, आणि बहुतेक लोक पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे बघून बटण दाबतात. पहिली-शेवटची अक्षरे जुळणारे बनावट पत्ते तयार करणे ठगांना सहज जमते.

बिटकॉइनचा व्यवहार सोडला आणि तो पक्का होण्याची वाट न बघता इथेरियमकडे वळलो. इथे क्रम महत्त्वाचा होता. यूएसडीटी हलवायचे तर नेटवर्कची फी इथरमध्ये भरावी लागते. आधी सगळे इथर काढले असते तर यूएसडीटी तिथेच अडकले असते, आणि फीसाठी नवे इथर पाठवावे तर ते चोराचा स्वयंचलित प्रोग्राम आल्या क्षणी उचलतो. म्हणून आधी यूएसडीटी, मग इथर. इथेरियमवर ब्लॉक बारा सेकंदांनी येतो, त्यामुळे इथे थोड्याशा यूएसडीटीची चाचणी परवडली. एक्स्चेंजच्या अ‍ॅपवर इथेरियम हेच नेटवर्क निवडले आहे ना, हे दोनदा बघितले. ती रक्कम पोचल्याचे दिसले तसे उरलेले पाठवले, शेवटी इथर.

बिटकॉइनला पहिले कन्फर्मेशन मिळाले, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये बसला, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. त्यानंतरच यंत्र पुसले. नवे 24 शब्द तयार केले आणि ते वहिनींनी लिहून घेतले. लिहिलेले बरोबर आहे का हे बघायला यंत्र पुन्हा पुसून त्याच कागदावरून परत उभे केले. पहिला पत्ता तोच आला. हे रात्रीच का, सकाळी का नाही, असे दादांनी विचारले. कारण एवढेच, की जुने शब्द यंत्रात राहिले असते तर सकाळी सवयीने कोणीतरी त्याच पत्त्यावर काही पाठवले असते.

परिणाम

मुख्य रक्कम पूर्ण वाचली. एक्स्चेंजवर नवीन पत्ता नोंदवल्यावर काढण्यासाठी थांबण्याची मुदत होती, ती संपल्यावर सगळे नव्या वॉलेटमध्ये परत आले. खर्च झाला तो नेटवर्कच्या आणि काढण्याच्या फीचा.

पण रविवारी दुपारी दादांचा पुन्हा फोन आला. जुना पत्ता ते ब्लॉकचेनच्या सार्वजनिक पानावर अधूनमधून बघत होते आणि तिथे सकाळी अकराच्या सुमाराची एक हालचाल दिसत होती. पॉलिगॉन नेटवर्कवर त्यांची थोडी नाणी पडून होती, पूर्वी ज्याला मॅटिक म्हणत ती. कधीतरी प्रयोग म्हणून घेतलेली, किंमत काही हजार रुपये. ती गेली होती.

रक्कम क्षुल्लक, पण तिने प्रश्न निकालात काढला. किल्लीशिवाय ती नाणी हलणे शक्य नव्हते. म्हणजे राहिलेले तीन शब्द तेरा-चौदा तासांच्या आत शोधले गेले होते. ‘सकाळी निवांत’ बसलो असतो तर शर्यत त्याच तासांत झाली असती.

तक्रार 1930 या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवली, व्यवहाराचे हॅश (ओळखक्रमांक) आणि बनावट पानाचा पत्ता यांसह. घाबरून पान बंद केल्यामुळे पत्ता हाती नव्हता, पण तो ब्राउझरच्या इतिहासात सापडला. जाहिरात ज्या शोधयंत्रावर होती तिथे आणि पान ज्या सेवेवर होते तिथेही कळवले. काही दिवसांनी ते पान बंद झालेले दिसले. अशी पाने दुसऱ्या नावाने परत उभी राहतात, पण तेवढ्या दिवसांत कोणीतरी वाचले असेल. दादांनी एका टेलिग्राम गटात हा प्रकार सांगितला, तर तासाभरात दोघांनी ‘गेलेली नाणी परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असे निरोप पाठवले. त्यांना उत्तर दिले नाही.

कराच्या बाजूने एक गोष्ट करावी लागली. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. 1 जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएसही कापला जातो. स्वतःच्या वॉलेटमधून स्वतःच्याच खात्यात हलवणे ही विक्री नव्हे, पण एक्स्चेंजच्या विवरणात ती मोठी जमा आणि दोन दिवसांनी मोठी उचल अशी दिसते. वहिनींनी त्या रात्रीच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद मूळ खरेदीच्या तारखा-किमतींसह वेगळ्या वहीत केली आणि सीएंना दिली.

वेगळे काय करता आले असते

यादी नाण्यांची झाली, नेटवर्कची झाली नाही. “काय काय आहे?” या प्रश्नाला दादांनी बिटकॉइन, इथर, यूएसडीटी असे उत्तर दिले आणि त्यावरच काम झाले. इथेरियमच्या धाटणीच्या सगळ्या नेटवर्कवर एकाच किल्लीचा एकच पत्ता चालतो. तो पत्ता पॉलिगॉन, बीएनबी चेन, आर्बिट्रम अशा प्रत्येक ठिकाणी उघडून बघायला दहा मिनिटे लागली असती. चोराचा प्रोग्राम नेमके हेच करतो. मोठ्या रकमा निघून गेल्यावर, साडेअकरा वाजता, हे करायला वेळ होता.

यंत्र घेतले त्याच दिवशी अधिकृत अ‍ॅपचा पत्ता ब्राउझरमध्ये खुणेने जपून ठेवला असता तर शोधयंत्राकडे जायची वेळ आली नसती. मात्र एवढ्यावर विसंबू नये, कारण खोटेपणा फक्त शोधयंत्रातून येत नाही. 2020 मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि त्यात सुमारे 2 लाख 72 हजार लोकांची नावे, घरचे पत्ते आणि फोन क्रमांक होते. पुढे काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रे पोचली. एप्रिल 2022 मध्ये ट्रेझरच्या वार्तापत्राची ईमेल यादी चोरीला गेली आणि ग्राहकांना हुबेहूब बनावट अ‍ॅपचा दुवा मिळाला. नोव्हेंबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत अ‍ॅप भांडारातच लेजरच्या नावाचे खोटे अ‍ॅप होते, आणि त्याने लाखो डॉलरची नाणी नेली. तिन्हींमध्ये वाट वेगळी, पण शेवटी मागितले तेच: शब्द. त्यामुळे पान खरे की खोटे हे ओळखण्यात डोळे शिणवण्यापेक्षा, शब्द कळफलकावर टाकायचेच नाहीत हे ठरवलेले बरे. वहिनींना पान ओळखता आले नव्हते, त्यांनी कागद वाचला होता.

पुढच्या वेळेसाठी दादांना नेहमीच्या 24 शब्दांवर आणखी एक गुप्त वाक्यांश जोडायचा होता, काही जण ज्याला पंचविसावा शब्द म्हणतात. त्या रात्री तो असता तर एकवीसच काय, चोवीस शब्द जाऊनही मुख्य रक्कम सुरक्षित राहिली असती, हे खरे आहे. तरी मी विरोध केला. हा वाक्यांश चुकला तर यंत्र चूक दाखवत नाही, शांतपणे दुसरेच रिकामे वॉलेट उघडते. दादांना काही झाले आणि वहिनींना त्यातले एक अक्षर जरी नीट माहीत नसले, तर मुलीच्या शिक्षणाची रक्कम ब्लॉकचेनवर दिसत राहील आणि कधीच मिळणार नाही. यावर आमचे एकमत झालेले नाही. तूर्त वाक्यांश नाही, पण दुसरे यंत्र घेतले आहे आणि ते नव्याच शब्दांवर रिकामे ठेवले आहे, असा प्रसंग पुन्हा आला तर नाणी पाठवायला जागा तयार असावी म्हणून.

हार्डवेअर वॉलेटने खरोखर लॉगिन करण्याची एक जागा मात्र आहे, आणि ती दादांनी आता वापरायला घेतली आहे. अशी बरीच यंत्रे फिडो या लॉगिन-सुरक्षेच्या प्रमाणाची सुरक्षा किल्ली म्हणूनही चालतात. म्हणजे ईमेलसारख्या खात्यात शिरताना पासवर्डनंतर यंत्रावरचे बटण दाबून ओळख पटवायची. ही ओळख संकेतस्थळाच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. एक्स्चेंजचे खाते ज्या ईमेलवर आहे त्या ईमेलला त्यांनी ही सोय लावली.

नव्या शब्दांचे कागद पूर्वीसारखेच दोन आहेत, एक घरी आणि एक लॉकरमध्ये. दर तीन महिन्यांनी यंत्र जोडून शिल्लक बघायची असे ठरले आहे, म्हणजे अ‍ॅप कोणते आणि यंत्र काय काय विचारते हे हाताला वळेल. पहिल्या वेळी यंत्र वहिनींनी जोडले, पिनही त्यांनीच टाकला, आणि अ‍ॅपने फर्मवेअरचे नवे रूप आल्याचे दाखवले तेव्हा त्यांनी पुढे जाण्याआधी यंत्राच्या पडद्यावर काय आले आहे ते वाचले.